बागेचं पाणी, घरातला हिशेब

एक गुंठा जागेवर एक मिलिमीटर पाणी सारखं पसरलं, तर ते शंभर लिटर भरतं. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. स्मार्ट स्प्रिंकलर कंट्रोलर, म्हणजे बागेचे फवारे स्वतः ठरवून चालू-बंद करणारं यंत्र, घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हा हिशेब पाठ करायला सांगतो. ॲप कसं दिसतं, किती झोनचं आहे (म्हणजे बागेचे किती भाग वेगवेगळे चालवतं), बोलून चालू होतं का, हे सगळं नंतर. कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या किंवा कळंब्याकडच्या नव्या बंगल्यातल्या गुंठाभर लॉनला एप्रिलमध्ये रोज साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, डिसेंबरात पावणेतीनशेच्या. टायमर मात्र दोन्ही महिन्यांत तेवढीच पंधरा मिनिटं चालतो. म्हणजे एक तर हिवाळ्यात पाणी वाया जातं, नाही तर उन्हाळ्यात लॉन पिवळं पडतं.

हे साडेचारशे आणि पावणेतीनशे आले कुठून? मातीतलं पाणी दोन वाटांनी जातं. काही थेट वाफ होऊन, आणि बरंचसं मुळांनी ओढून पानांच्या रंध्रांमधून. दोन्ही मिळून शास्त्रज्ञ बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली हवामानाच्या नोंदींवरून बाष्पीभवन काढण्याचं समीकरण मांडलं. जॉन मॉन्टिथ यांनी १९६५ मध्ये त्यात पानांच्या रंध्रांचा अडथळा आणला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं १९९८ मध्ये तीच पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. आज कुठलाही कंट्रोलर ‘हवामानानुसार पाणी देतो’ असं म्हणतो, तेव्हा त्याच्या पोटात बहुधा हेच गणित असतं. त्याला तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन अशा चार गोष्टी लागतात.

घरच्या घरी या चारही गोष्टी नीट मोजणं अवघड आहे, म्हणून मला हारग्रीव्ह्ज आणि समानी यांचं १९८५ चं सूत्र फार आवडतं. त्याला फक्त दिवसाचं कमाल आणि किमान तापमान लागतं. सूर्य वातावरणाच्या माथ्यावर किती ऊर्जा टाकतो हे अक्षांश आणि तारखेवरून ठरतं, ते कोष्टकात मिळतं. त्यातली जमिनीपर्यंत किती पोचली हे दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावरून कळतं. आकाश मोकळं असलं की दुपार तापते आणि पहाट गारठते. ढग दाटले की दोन्ही एकमेकांजवळ येतात. कोल्हापुरात एप्रिलमध्ये दुपारी ३७ आणि पहाटे २२ अंश धरले, तर हे सूत्र दिवसाला सुमारे साडेसहा मिलिमीटर देतं. डिसेंबरात २९ आणि साडेचौदा धरले तर चारच्या जरा खाली. लॉन या कमाल मागणीच्या साधारण सत्तर टक्के पाणी वापरतं. आता गुणाकार करून बघा, वरचे आकडे मिळतील. थर्मामीटर आणि चार ओळींचं गणित एवढ्यावर महागड्या यंत्राच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं.

पण रोज किती पाणी उडालं हे कळलं म्हणजे रोज तेवढं द्यायचं असं नाही. माती पाणी साठवते. मुळांच्या थरातलं पाणी बँकेच्या पासबुकासारखं लिहावं: पाऊस आणि सिंचन जमेला, उडालेलं पाणी खर्चाला, आणि शिल्लक ठरावीक रेषेखाली आली की भरणा. चांगला कंट्रोलर हेच करतो. वाईट कंट्रोलर स्मार्ट नाव लावून टायमरची मिनिटं थोडीफार मागेपुढे करतो. घेण्याआधी विक्रेत्याला विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे, की मातीतली शिल्लक तुमचं यंत्र दिवसामागून दिवस धरून ठेवतं का.

शिल्लक किती मावते हे मातीवर आहे, आणि कोल्हापुरात माती दर पाच-दहा किलोमीटरला रंग बदलते. पंचगंगेच्या काठची काळी, पन्हाळ्याकडे आणि पश्चिमेला तांबडी, मध्ये मुरूम. लॉनची मुळं बहुधा वीस सेंटिमीटरपर्यंतच असतात. तेवढ्या थरात काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण ३६ मिलिमीटर मावतं, मुरमाड तांबड्या मातीत १६ च्या आसपास. त्यातलं निम्मं संपलं की पाणी द्यावं असा ठोकताळा आहे. म्हणजे एप्रिलमध्ये काळ्या मातीच्या लॉनला चार दिवसांनी एकदम १८ मिलिमीटर आणि तांबड्या मातीच्या लॉनला दोन दिवसांनी आठ. रोज थोडं थोडं शिंपडलेलं पाणी वरच्या दोन बोटांतच राहतं, मुळं वरच खेळत राहतात आणि एखादा दिवस पाणी चुकलं की गवत मान टाकतं. शेतकरी वाफसा बघून पाळी देतात, बागेलाही तोच नियम आहे. बंगल्याच्या बागेत आणखी एक गोष्ट तपासावी लागते: खाली काळी माती आणि वर लॉनसाठी आणून टाकलेल्या तांबड्या मातीच्या ट्रॉल्या. एक हातभर खड्डा काढून थर किती आहे ते बघितल्याशिवाय कंट्रोलरच्या ॲपमध्ये मातीचा प्रकार निवडू नये.

दुसरी मोजणी स्प्रिंकलरची. एका मिनिटात तो जमिनीवर किती मिलिमीटर पाणी टाकतो? छापील पुस्तकातला आकडा आपल्या टाकीच्या दाबावर खरा ठरेलच असं नाही. उभ्या भिंतीचे, एकाच मापाचे आठ-दहा स्टीलचे डबे लॉनवर जागोजागी ठेवा, पंधरा मिनिटं पाणी चालवा आणि प्रत्येक डब्यात पट्टी उभी धरून मिलिमीटर वाचा. सरासरीला चारनं गुणलं की तासाचा वेग. यातून दुसरी गोष्टही दिसते, ती जास्त महत्त्वाची. कोपऱ्यातल्या डब्यात चार मिलिमीटर आणि नोझलजवळच्या डब्यात बारा असतील, तर कंट्रोलर कितीही हुशार घेतला तरी कोपरा वाळणार किंवा मध्य भाग सडणार. तिथे पैसे नोझलवर खर्च करावेत.

साध्या फवारा नोझलचा वेग तासाला ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. काळी माती तासाला एक ते पाच मिलिमीटर एवढंच पाणी आत घेते. उरलेलं फरशीवरून गेटाबाहेर. यावर उपाय म्हणजे पाणी तुकड्यांत देणं: चार-पाच मिनिटं चालू, अर्धा-पाऊण तास बंद, पुन्हा चालू. ही सोय कंट्रोलरमध्ये असलीच पाहिजे, आणि ती झोननिहाय असली पाहिजे. एका झोनची विश्रांती चालू असताना दुसरा झोन पाणी घेतो, त्यामुळे पहाटे तीन ते सहा या वेळेत तीन-चार झोन सहज बसतात. ती वेळ वारा पडलेला असतो म्हणून चांगली, आणि ऊन चढायच्या आत पानांवरचं पाणी सुकतं म्हणूनही.

आता दाब. बाहेरच्या देशांतली बहुतेक माहिती नळाला कायम दाब असतो हे गृहीत धरून लिहिलेली असते. आपल्याकडे पाणी आधी हौदात, मग मोटरनं गच्चीवरच्या टाकीत, आणि तिथून उताराने खाली. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार दाब. दुमजली बंगल्याच्या गच्चीवरची टाकी लॉनपासून सात-आठ मीटर वर असेल, तर हाती येतो पाऊण बार, आणि पाइपच्या वळणांत त्यातलाही काही जातो. उसळून वर येणाऱ्या फवारा नोझलला सुमारे दोन बार लागतात, फिरत्या रोटरला तीनच्या आसपास. म्हणजे नुसत्या टाकीवर स्प्रिंकलर चालत नाही. प्रेशर पंप बसवावा लागतो, नाही तर सरळ ठिबककडे वळावं. कुंपणाची जास्वंद, कुंड्या, फळझाडं यांना ठिबकच योग्य. पाण्याची उधळण फक्त लॉनसाठी ठेवावी, आणि खरं सांगायचं तर लॉनही गरजेपुरतंच करावं.

दाब कमी असला की व्हॉल्व्हसुद्धा नीट चालत नाही, आणि यामागची रचना बघण्यासारखी आहे. बागेचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या कॉइलवर उघडणारा, चार स्क्रू काढून उघडला, की आत रबराचा एक पडदा दिसतो. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्या भोकातून पाणी हळूहळू पडद्याच्या वरच्या कप्प्यात जातं. वरून पडद्यावर पाणी ज्या क्षेत्रफळावर दाबतं ते खालच्यापेक्षा मोठं असतं, म्हणून दाब सारखा असूनही पडदा खाली बसतो आणि पाणी बंद राहतं. कॉइलला वीज मिळाली की एक छोटा लोखंडी दट्ट्या वर उचलला जातो आणि वरच्या कप्प्यातलं पाणी दुसऱ्या, जरा मोठ्या वाटेनं निसटतं. वरचा दाब पडला की खालचं पाणीच पडद्याला उचलतं. वीज काही ग्रॅमचा दट्ट्या उचलते, इंचभर पाइपचं काम पाण्याचा स्वतःचा जोर करतो. म्हणून या व्हॉल्व्हला किमान एक ते दीड बार दाब हवाच. आणि म्हणूनच ‘व्हॉल्व्ह बंदच होत नाही’ ही तक्रार आली, की कंट्रोलरला दोष देण्याआधी ते भोक बघावं. बोअरच्या पाण्यातला वाळूचा एक कण तिथे अडकला की वरचा कप्पा भरत नाही आणि पडदा बसत नाही. आधी १२० मेशचा (इंचाला १२० छिद्रांच्या जाळीचा) फिल्टर लावला की यातले बहुतेक प्रश्न संपतात. टाकीच्याच दाबावर ठिबक चालवायचं असेल, तर शून्य दाबावर उघडणारा, थेट उचलणारा व्हॉल्व्ह मागून घ्यावा. तो जास्त वीज खातो, पण दाबाची वाट बघत नाही.

या कॉइल २४ व्होल्ट एसीवर चालतात. ओल्या मातीत तारा जातात म्हणून व्होल्टेज इतकं कमी. परदेशातल्या नातेवाइकांकडून कंट्रोलर मागवत असाल तर सोबतचा ॲडॉप्टर आधी वाचा. अमेरिकेतला ॲडॉप्टर १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळतोच. इथे २३० वरून २४ व्होल्ट एसी देणारा ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो, पण तो किती अँपिअरचा आहे ते बघून घ्यावा. कॉइल ओढायला सुरुवात करते तेव्हा दट्ट्या बाहेर असतो, कॉइलचा अवरोध कमी असतो आणि प्रवाह जास्त जातो. दट्ट्या आत बसला की अवरोध वाढून प्रवाह उतरतो. साधारण पाव अँपिअरवर चालणारी कॉइल सुरुवातीला त्याच्या दीडपट मागते. मास्टर व्हॉल्व्ह (सगळ्या झोनच्या आधीचा मुख्य) आणि एक झोन एकदम चालणार असतील तर एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. कॉइल शाबूत आहे का हे मल्टिमीटरनं दोन मिनिटांत कळतं: २० ते ६० ओहम दिसले तर ठीक, शून्याजवळ दिसले तर आतून शॉर्ट, काहीच दिसलं नाही तर तार तुटलेली.

पंपाचं मात्र जपून करावं. एक अश्वशक्तीची मोटर चालताना पाचेक अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या रिले बोर्डवर (रिले म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच) ‘१० अँपिअर’ छापलेलं असतं म्हणून त्यावर थेट मोटर जोडू नये, रिलेचे संपर्कबिंदू वितळून चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. रिलेनं कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट स्विचची, कॉइल चालवायची आणि कॉन्टॅक्टरनं मोटर. शिवाजी उद्यमनगरात मोटर, स्टार्टर, कॉन्टॅक्टर यांच्यात आयुष्य घातलेली माणसं आहेत. स्मार्ट हा शब्दही न काढता ते हे काम नीट करून देतील. क्रमही सांभाळावा: आधी व्हॉल्व्ह उघडायचा, मग पंप. बंद करताना आधी पंप, मग व्हॉल्व्ह. हौद कोरडा पडला तर पंप थांबवणारा फ्लोट स्विच कॉन्टॅक्टरच्या तारेतच घालावा, ॲपच्या भरवशावर सोडू नये. आणि बागेची लाइन पिण्याच्या पाण्याच्या लाइनला जिथे मिळते, तिथे पाणी उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सगळ्यांना माहीत आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की दरवाजा आपोआप उचलला जातो, पातळी उतरली की मिटतो. पातळी मोजणारं, ठरवणारं आणि उघडणारं सगळं धरणाच्या भिंतीतच आहे. धो धो पावसात वीज असो वा नसो, फोन लागो वा न लागो, ते चालतात. स्मार्ट कंट्रोलर निवडताना माझ्या लेखी हीच कसोटी सर्वांत मोठी आहे. इंटरनेट गेलं तर तो बागेला पाणी देतो का? कंपनीनं उद्या सर्व्हर बंद केला तर? ही भीती काल्पनिक नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा घर-ऑटोमेशन हब २०१६ च्या मे महिन्यात सर्व्हर बंद झाल्यामुळे एका दिवसात निरुपयोगी झाला. इन्स्टिऑनचे सर्व्हर २०२२ च्या एप्रिलमध्ये न सांगता बंद पडले. घरातली यंत्रं शाबूत होती, पण त्यांच्या नेहमीच्या ॲपनं त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं.

बाजारातल्या कंट्रोलरची या कसोटीवर उघड विभागणी होते. रॅशिओ देखणा आहे, पण प्रामुख्याने अमेरिका-कॅनडासाठी बनलेला आणि कंपनीच्या सर्व्हरवर विसंबलेला. हंटरच्या हायड्रावाइज मालिकेचं नियोजनही सर्व्हरवरून चालतं. रेन बर्डच्या कंट्रोलरला वायफाय मॉड्यूल लावलं की होम असिस्टंट ही घरातलं ऑटोमेशन चालवणारी प्रणाली त्याच्याशी घरातल्या घरात बोलू शकतं. ओपनस्प्रिंकलर हा खुल्या आराखड्याचा आहे. त्याचं वेबपान त्याच्याच आत असतं, हवामान कळलं नाही तरी तो ठरलेला कार्यक्रम चालवतो. आणि हात चालत असतील तर ईएसपी३२ ही वायफायची चिप, रिले बोर्ड आणि ईएसपीहोम या खुल्या सॉफ्टवेअरमधला स्प्रिंकलरचा तयार भाग वापरून स्वतःचा कंट्रोलर बनवता येतो. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांनी तो जरूर करावा. वयस्कर आईवडिलांच्या घरी बसवायचा असेल तर मी तयार यंत्रच सुचवेन, कारण बिघडल्यावर मुलगा पुण्यात असतो आणि लॉन इथे. स्मार्ट यंत्रांच्या मॅटर या समान भाषेच्या १.३ आवृत्तीत, म्हणजे २०२४ पासून, पाण्याचे व्हॉल्व्ह आणि पावसाचे सेन्सर आले आहेत. पुढच्या काही वर्षांत यंत्र कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी चालेल अशी स्थिती यायला हरकत नाही.

घरातल्या ऑटोमेशनसाठी मी होम असिस्टंट धरतो आहे. २०१३ मध्ये सुरू झालेली ही खुली प्रणाली आहे, रास्पबेरी पायसारख्या हातावर मावणाऱ्या संगणकावरही चालते. अनेक यंत्रं तिच्याशी एमक्यूटीटी या पद्धतीनं बोलतात. ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली. जोडणी महाग आणि मध्येच तुटणारी, म्हणून संदेश चिमुकले आणि तुटल्यावर काय करायचं हे आधीच ठरलेलं. बागेच्या टोकाला, वायफायची एक कांडी जेमतेम पोचते तिथल्या यंत्राला हाच गुण उपयोगी पडतो.

जोडणीतला सर्वांत महत्त्वाचा नियम असा. घरातल्या संगणकानं कंट्रोलरला ‘झोन दोन चालू कर’ असा हुकूम कधीही देऊ नये. ‘झोन दोन सहा मिनिटं चालव’ असाच द्यावा. पहिल्या हुकमात ‘बंद कर’ हा दुसरा संदेश पोचणं गृहीत धरलेलं असतं. मधल्या वेळात वायफाय गेलं, संगणक पुन्हा सुरू झाला किंवा राउटरची लाइट गेली, तर व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहतो आणि टाकी रिकामी. मिनिटं मोजायचं काम व्हॉल्व्हच्या शेजारच्या यंत्राचं. त्याशिवाय कुठलाही झोन तीस मिनिटांच्या वर चालणार नाही अशी मर्यादा त्याच यंत्रात वेगळी घालून ठेवावी.

हे पक्कं झालं की घराच्या बाकीच्या माहितीचा खरा उपयोग होतो. टाकी चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर बाग थांबते, माणसांचं पाणी आधी. नळाला पाणी येण्याच्या दिवशी हौद भरल्यावरच पाळी सुरू होते. अंगणात मांडव घातला असेल तर दोन दिवस सगळं स्थगित. यासाठी भिंतीवर एक साधं बटण लावा, ‘आज नको’ असं मराठीत लिहिलेलं. बागेत रोज हात घालणाऱ्या माळीमामांना ॲप उघडावं लागू नये. ते पायानं माती दाबून जे ओळखतात, ते बटणातून यंत्रापर्यंत पोचलं पाहिजे. आवाजावर चालणारे स्पीकर मला या कामात फारसे उपयोगाचे वाटत नाहीत.

पावसाच्या माहितीवर मात्र कोल्हापुरात इंटरनेटच्या भरवशावर राहू नये. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडे त्याच्या निम्म्यावर. एकाच जिल्ह्यात एवढा उतार. हवामान सेवा नकाशाचे मोठे चौकोन पाडून सरासरी सांगतात, आणि वळीव तर राजारामपुरीत कोसळून रंकाळ्यावर रस्ता कोरडा ठेवतो. म्हणून स्वतःचं पर्जन्यमापक. आत तराजूसारखी दोन छोटी पात्रं असतात. एक भरलं की कलंडतं, दुसरं वर येतं, आणि प्रत्येक कलंडण्याला चुंबक एका काचेच्या नळीतला संपर्क जोडतो. अनेक मापकांत एक कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर. होम असिस्टंट फक्त ठोके मोजतं. खात्यात जमा करताना एक पथ्य: अर्ध्या तासात तीस मिलिमीटर वळीव पडला तर तो सगळा जमेला धरू नये. मातीत मोकळी जागा जेवढी, तेवढीच जमा; बाकी वाहून गेला.

मातीचा सेन्सर घ्यायचा झाला तर दोन उघड्या काड्यांचा स्वस्त प्रकार टाळावा. त्यातून वीज वाहते आणि काही आठवड्यांत काड्या झिजतात. धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजणारा घ्यावा. ही क्षमता पदार्थाच्या विद्युत् अपार्यता अंकावर ठरते: पाण्याचा अंक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा तीन ते पाच, हवेचा एक. त्यामुळे ओल थोडी जरी वाढली तरी फरक ठळक दिसतो. पण आकड्याला टक्के समजू नका. भरपूर पाणी देऊन दोन-तीन दिवसांनी, वाफसा आल्यावर जो आकडा दिसेल तो ‘भरलेलं’. गवत दुपारी निस्तेज होऊन पायाचे ठसे तसेच राहू लागले की जो दिसेल तो ‘संपलेलं’. या दोनमध्ये आपली पट्टी. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि सेन्सर हवेत लटकतो, मग तो एका रात्रीत दुष्काळ पडल्याचं सांगतो. म्हणून निर्णय पासबुकानं घ्यावा आणि सेन्सरनं त्याची पडताळणी करावी.

यापेक्षाही मला पाण्याचा प्रवाह मोजणारा मीटर जास्त मोलाचा वाटतो. आतली छोटी चाकी फिरते आणि ठोके देते. झोन एकचा नेहमीचा प्रवाह मिनिटाला बारा लिटर असेल आणि आज वीस दिसला, तर कुठेतरी पाइप फुटला किंवा नोझल उडालं. सहा दिसला तर फिल्टर तुंबला. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना चाकी फिरत असेल तर गळती. पहाटे चारला बागेत कुणी उभं नसतं, ही नोंद फोनवर येणं हे स्मार्टपणाचं सर्वांत सरळ फळ.

लाइट जाण्याची सवय आपल्याला आहेच, यंत्रालाही हवी. हे व्हॉल्व्ह वीज गेली की बंद होतात, ही चांगली गोष्ट. टायमरवाल्याची त्या दिवशीची पाळी चुकते ती चुकतेच. पासबुकवाल्याची तूट शिल्लक राहते आणि दुसऱ्या पहाटे आपोआप भरून निघते. यंत्रात घड्याळाची बॅटरी असावी, म्हणजे लाइट आल्यावर इंटरनेटशिवायही वेळ बरोबर राहते. वळवाच्या विजा हा मोठा शत्रू, कारण सिंचन जोरात असतानाच त्या येतात. जमिनीत पुरलेल्या लांब तारांत जवळच पडलेल्या विजेनं व्होल्टेज उसळतं. कंट्रोलरच्या पुरवठ्याला आणि व्हॉल्व्हच्या तारांना ही उसळी झेलणारा सर्ज प्रोटेक्टर लावून त्याचं अर्थिंग वायरमनकडून नीट करून घ्यावं.

पेटी बसवायची जागा ठरवताना नागाळा पार्क आणि शाहूपुरीतल्या सखल गल्ल्यांतल्या लोकांना वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ चं पाणी भिंतीवर जिथपर्यंत आलं, त्याच्या हातभर वर कंट्रोलर आणि स्टार्टर बसवावा. तारा खालून वर न्याव्यात आणि पेटीच्या तळाला भोक ठेवावं, म्हणजे आत साचलेला दमट थेंब बाहेर पडतो.

मृग लागला की मोजमाप चालूच ठेवावं, फक्त भरणा थांबतो. श्रावणात आठ-दहा दिवसांची उघडीप आली तर खातं स्वतःहून पाणी मागेल, काळ्या मातीत बहुधा मागणारही नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक झोन मिनिटभर चालवावा, नाही तर रबराचा पडदा बसल्या जागी चिकटतो. दसऱ्याच्या सुमारास फिल्टर काढून धुवावा, डबे पुन्हा लॉनवर मांडून वेग तपासावा आणि ऑक्टोबरच्या उन्हासाठी नवे आकडे भरावेत.